लेवीयापाशी थांबलेला तक्ता

प्रिय भगिनी, सलाम.

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही लिहिता की पिंपरी-चिंचवडमधल्या एका खासगी रुग्णालयात तुम्ही सहा वर्षे स्टाफ नर्स आहात, महिन्यातले दहा-बारा दिवस रात्रपाळी असते आणि रविवारच्या उपासनेला महिन्यातून जेमतेम एकदा जाता येते. गावी तुमच्या लहानपणी रोज रात्री जेवणाआधी होणारी कुटुंबप्रार्थना आज तुमच्या घरात लागोपाठ चार दिवसही टिकत नाही, आणि वर्षभरात पवित्र शास्त्र वाचून काढण्याचा तक्ता दोन्ही वर्षी लेवीय या त्यातल्या तिसऱ्या ग्रंथापाशी येऊन थांबला. यावरून तुम्ही विचारता की आपला विश्वास आता नावापुरता उरला आहे का, आणि तो रोजच्या जगण्यात आणायचा तर नेमके काय करायचे. त्याच ओघात तुम्ही आणखी दोन गोष्टी विचारल्या आहेत : रुग्णासाठी त्याच्या खाटेजवळ प्रार्थना करावी का, आणि सहकाऱ्यांनी दिलेला प्रसाद घ्यावा का.

मी 36 वर्षे परिचारिका होते. सुरुवातीची वर्षे एका मिशन रुग्णालयात गेली, नंतरची खासगी रुग्णालयांत, आणि शेवटची नऊ वर्षे मी वॉर्डाची इनचार्ज सिस्टर होते. तुमच्यासारखीच रात्रपाळी, तशीच चुकलेली उपासना आणि मुलांच्या झोपेच्या वेळी रिकामी राहिलेली घरातली माझी जागा मी पाहिली आहे, म्हणून त्या अनुभवातूनच लिहिते.

तुमच्या पत्रात विश्वास थंड झाल्याची खूण मला दिसली नाही. ज्याचा विश्वास थंड होतो त्याला सहसा चुकलेल्या प्रार्थनेची आठवणही होत नाही. तुमची अडचण वेगळी आहे. आपल्या घरांनी आपल्याला उपासना ‘वेळ’ म्हणून शिकवली : दिवेलागण झाली, चटई अंथरली, एक गीत म्हटले, शास्त्रभाग वाचला, वडिलांनी प्रार्थना केली आणि शेवटी सगळ्यांनी मिळून येशूने शिकवलेली ‘प्रभूची प्रार्थना’ म्हटली. ही रीत मौल्यवान आहे आणि तिच्यावरच मी वाढले. पण ती ज्या घरांत रुजली त्या घरांतले सगळे लोक संध्याकाळी एका छपराखाली असत. तुमच्या घरात ती संध्याकाळच उरलेली नाही. तुम्ही रात्री आठला वॉर्डात शिरता तेव्हा तुमचा मुलगा जेवायला बसतो, आणि सकाळी तुम्ही परतता तेव्हा तो शाळेच्या रिक्षात असतो. जो ठरावीक तास तुमच्या दिवसात नाहीच, त्यात उपासना बसवण्याची धडपड तुम्ही सहा वर्षे करत आहात, आणि ती फसली की दोष विश्वासाला देत आहात.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच सांगते. तुमचे यजमान प्रार्थनेत साथ देतात की नाही, घरावर कर्ज आहे का, तुम्ही अतिदक्षता विभागात आहात की जनरल वॉर्डात, हे तुम्ही लिहिलेले नाही. अतिदक्षता विभागातल्या परिचारिकेला मनातल्या मनातही फार थोडी मोकळीक मिळते, आणि तिने त्याबद्दल खंत बाळगू नये. म्हणून पुढे जे लिहिते त्यातले तुमच्या परिस्थितीला लागू पडेल तेवढेच घ्या.

मला स्वतःला वाट सापडली ती रविवारच्या उपासनेच्या क्रमाकडे नीट पाहिल्यावर. त्यात आवाहन असते, पापांगीकार म्हणजे पापांची कबुली असते, वचन असते, मध्यस्थीची म्हणजे इतरांसाठीची प्रार्थना असते, दानार्पण असते आणि आशीर्वाद असतो. हे सगळे भाग एकाच तासात, एकाच ठिकाणी व्हायला हवेत, अशी माझी समजूत होती. एका पावसाळ्यात लागोपाठ पाच रविवार ड्यूटी लागली, तेव्हा मी हे भाग सुटे करून ड्यूटीच्या बारा तासांत ठेवून पाहिले, आणि त्यांपैकी बहुतेकांसाठी जागा आधीपासूनच तयार असल्याचे माझ्या ध्यानात आले.

आवाहनासाठी मी पवित्र शास्त्रातले 134वे स्तोत्र घेतले. यरुशलेमेला वर चढून जाताना म्हणायची 120 ते 134 अशी पंधरा स्तोत्रे आहेत, त्यांतले हे शेवटचे, अवघ्या तीन वचनांचे. रात्रीच्या वेळी परमेश्वराच्या मंदिरात उभे राहून सेवा करणाऱ्यांना ते उद्देशून आहे. देवाच्या लोकांतही कोणीतरी रात्रपाळी करत होते आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र स्तोत्र होते, हे कळले तेव्हा मला फार आधार वाटला. गणवेश घालताना ते पूर्ण म्हणून होते. महिनाभरात ते पाठ झाले आणि पुढची सगळी वर्षे माझी रात्रपाळी त्याच शब्दांनी सुरू झाली.

मध्यस्थीच्या प्रार्थनेसाठी मी हँडओव्हरनंतरची, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती हाती घेतल्यानंतरची, पहिली फेरी निवडली. हँडओव्हर चालू असताना कधीही प्रार्थना करू नका, कारण त्या वेळी तुमचे कान सुटणाऱ्या सिस्टरच्या शब्दांवरच असले पाहिजेत : कोणाचा ड्रेन किती भरला, कोणाचे सलाईन कधी संपणार, कोणाला कशाची ॲलर्जी आहे. ज्या प्रार्थनेपायी एक डोस चुकतो ती प्रभूला नको आहे, असे मी माझ्या हाताखालच्या मुलींना स्पष्ट सांगत असे. पण हँडओव्हर झाल्यावर आपण प्रत्येक खाटेजवळ जातोच. तेव्हा त्या माणसाचे नाव मनात एकदा घ्यायचे आणि त्याच्या त्या रात्रीच्या एकाच गरजेसाठी एक वाक्य म्हणायचे : याची वेदना उतरू दे, हिला झोप लागू दे, या आजोबांचा मुलगा सकाळपर्यंत पोहोचू दे. त्याला वेगळा एक मिनिटही लागत नाही, कारण पाय त्याच वाटेने चाललेले असतात. राजाने प्रश्न विचारला आणि त्याचा सेवक नहेम्या याने उत्तर दिले, या दोहोंच्या मधल्या क्षणात त्याने स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली, असे पवित्र शास्त्रातल्या नहेम्या या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात लिहिले आहे. ती प्रार्थना किती लांब असणार?

माझ्याबरोबरची एक सिस्टर हात धुताना प्रभूची प्रार्थना म्हणत असे. साबण-पाण्याने हात धुण्याची पूर्ण क्रिया 40 ते 60 सेकंदांची असावी असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि घाई न करता म्हटलेली प्रभूची प्रार्थना मराठीत सुमारे अर्ध्या मिनिटात संपते. तिच्यामुळे आमच्या वॉर्डात हात नीट धुतले जाऊ लागले, हे मी इनचार्ज म्हणून नोंदवून ठेवते.

कामाला देवाचे नाव जोडणे आपल्या मुलखाला परके नाही. माझी आजी अहमदनगर जिल्ह्यातल्या एका गावात बायबलबाई, म्हणजे बायकांना बायबल वाचून सांगणारी, होती. पहाटे जात्यावर बसली की ती ख्रिस्ताच्या ओव्या म्हणत असे, आणि शेजारच्या बायाही त्या ऐकून म्हणत. कवी रेव्ह. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर अभंग, ओवी आणि भजन ही आपली रूपे मराठी ख्रिस्ती उपासनेत रुजवण्यासाठी मोठे काम केले, आणि त्यामुळे आजीसारख्या कितीतरी स्त्रियांची उपासना देवळाच्या भिंतींबाहेर, दळणाकांडणात पोहोचली. आजीजवळही मोकळा तास नव्हताच. हात गुंतलेले असतानाच ती गात असे.

आता पापांगीकाराबद्दल. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण विश्वास रोजच्या जगण्यात आणण्याची खरी कसोटी मला इथेच लागली.

नोकरीच्या आठव्या वर्षातली गोष्ट आहे. बत्तीस रुग्ण होते आणि आम्ही दोघीच होतो. पोटाच्या शस्त्रक्रियेच्या एका रुग्णाचा रात्री दोनचा रक्तदाब घ्यायचा राहून गेला. पहाटे हँडओव्हरच्या आधी चार्टवर ती जागा रिकामी दिसली, तेव्हा मी बाराचा आणि चारचा आकडा पाहून मधला एक आकडा लिहून टाकला. रुग्णाला काही अपाय झाला नाही आणि कोणाला कळलेही नाही. तो आठवडा संपताना मला रविवार मोकळा मिळाला होता आणि त्या दिवशी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकरी आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, होते. पाळकांनी मत्तयाच्या पाचव्या अध्यायातला भाग वाचला : वेदीजवळ अर्पण आणले असता आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवावे, आधी समेट करावा आणि मग येऊन अर्पण करावे. त्या रुग्णाच्या मनात माझ्याविरुद्ध काही नव्हते, कारण त्याला काही ठाऊकच नव्हते, आणि नेमके तेच मला टोचले. मी त्या दिवशी भाकरीसाठी पुढे गेले नाही. सोमवारी इनचार्ज सिस्टरना सगळे सांगितले. त्यांनी कडक शब्दांत समज दिली आणि चार्टवर दुरुस्ती करून माझी सही घेतली. त्यानंतर निवृत्तीपर्यंत जे मोजले नाही ते मी चार्टवर लिहिले नाही. त्या जागी ‘घेतला नाही’ असे लिहून कारण आणि वेळ टाकत असे. त्यासाठी दोन-तीनदा बोलणीही खाल्ली.

या प्रसंगानंतर मी लेवीय उघडले. तुमचा तक्ता जिथे थांबला तोच हा ग्रंथ. तक्ता तिथे का थांबतो याचे गणितही साधे आहे. पवित्र शास्त्राचे एकूण अध्याय 1189, म्हणजे रोज तीन-सव्वातीन. उत्पत्तीचे 50 आणि निर्गमाचे 40 वाचून होतात तोवर जानेवारी संपत येतो आणि मग होमबलीचे, अन्नबलीचे नियम सुरू होतात. रात्रपाळी करून आलेले डोळे तिथे मिटणारच. पण त्याच ग्रंथाच्या 19व्या अध्यायात, अवघ्या 37 वचनांत, आपल्या पेशाला लागणारे जवळजवळ सगळे आहे. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा, जी आपण येशूच्या तोंडून ऐकतो, ती याच अध्यायातल्या 18व्या वचनात आहे, आणि तिच्या मागेपुढे काय आहे ते पाहण्यासारखे आहे.

मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये असे 13वे वचन सांगते. घरकामाला येणाऱ्या मावशींचा पगार एक तारखेला न देता ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणणे त्यात येते. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नये आणि आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये, हे पुढचेच वचन आहे. बेशुद्ध रुग्णाच्या खाटेजवळ उभे राहून त्याच्याबद्दल किंवा त्याच्या घरच्यांबद्दल वाईट बोलताना मी अनेकांना पाहिले आहे आणि तरुणपणी मीही बोलले आहे. त्याला ऐकू येत नसेल असे आपण धरून चालतो, आणि ते वचन नेमके तिथेच बोट ठेवते, कारण बहिऱ्याच्या वतीने देव ऐकत असतो. पिकल्या केसांसमोर उठून उभे राहण्याची आज्ञा 32व्या वचनात आहे. म्हाताऱ्या रुग्णाला ‘ए आजोबा, हात कर इकडे’ असे न म्हणता त्यांचे नाव आदराने घेणे ही मी तिची अंमलबजावणी समजते. परक्या माणसाला देशातल्या माणसाप्रमाणेच वागवा असे 34वे वचन सांगते, आणि तुमच्या पिंपरी-चिंचवडच्या वॉर्डात बिहारहून किंवा ओडिशाहून आलेला, मराठी न कळणारा कारखान्यातला मजूर रोज असणार. शेवटी, 35 आणि 36 या वचनांत, मोजमापात आणि वजनात अन्याय करू नये, तराजू आणि मापे खरी असावीत असे येते. रक्तदाबाचा पट्टाही मापच आहे. मी लिहिलेला तो दोन वाजताचा आकडा खोटे माप होता.

म्हणून रात्रपाळीनंतर घरी येऊन डोळे मिटण्याआधी दोन-तीन मिनिटे गेली रात्र डोळ्यांसमोरून जाऊ द्या. कुठे आवाज चढला, कुठे बेल ऐकूनही उठलो नाही, कुठे काही लपवले, हे प्रभूसमोर नावासकट मांडा. आणि जे दुरुस्त करण्यासारखे असेल ते पुढच्या ड्यूटीत दुरुस्त करा. पापांगीकारानंतर क्षमेची घोषणा असते हेही विसरू नका. परिचारिका स्वतःला दोष देण्यात फार पटाईत असतात, आणि केवळ मनुष्यबळ कमी असल्याने जे राहून गेले त्याला पाप म्हणणे बरोबर नाही.

या संदर्भात कलस्सैकरांस पत्रातल्या एका वचनाबद्दल सावध करते. जे काही कराल ते माणसांसाठी म्हणून नव्हे तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, हे तिसऱ्या अध्यायातले 23वे वचन आपल्यापैकी अनेकांच्या घरी फ्रेममध्ये असते. पण ते मुळात दासांना लिहिलेले आहे, आणि दोनच वचने पुढे गेल्यावर चौथ्या अध्यायाच्या आरंभी धन्यांना बजावले आहे की दासांशी न्यायाने व समतेने वागा, कारण तुमचाही धनी स्वर्गात आहे. पहिला अर्धा भाग परिचारिकांना ऐकवायचा आणि दुसरा गाळायचा, असे करून जादा तास विनामोबदला काम करून घेतलेले मी पाहिले आहे. तुम्ही मनापासून काम करा, आणि तुमचे हक्काचे तास व सुट्टी मागायलाही संकोच करू नका.

रविवारचा प्रश्न यालाच लागून येतो. रविवारी ड्यूटी करणे पाप नाही. अठरा वर्षे कंबरेत वाकलेल्या स्त्रीला येशूने शब्बाथ या विसाव्याच्या दिवशीच बरे केले, आणि बैलाला पाण्यावर नेण्यासाठी तुम्ही सोडताच ना, असे आक्षेप घेणाऱ्यांना सुनावले; हे लूकाच्या 13व्या अध्यायात आहे. पण विसाव्याची आज्ञा मात्र त्याने रद्द झाली नाही. अनुवाद या ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात तिचे कारण असे दिले आहे की तुझ्याप्रमाणेच तुझ्या दासदासींनाही विसावा मिळावा. म्हणून तुमची साप्ताहिक सुट्टी ज्या वारी येईल त्या वारी विसावा घ्या, आणि त्या दिवशी डबल ड्यूटी घेण्याची सवय लावू नका. कर्जाचा हप्ता किंवा घरातले आजारपण असेल तर गोष्ट वेगळी, पण त्यालाही मुदत ठरवा, नाहीतर ती सवय होते. आपल्या जागी रविवारी ड्यूटी करणाऱ्या सहकारी भगिनीला दिवाळीत किंवा ईदला आपण होऊन ड्यूटी बदलून द्या. नाताळात तुम्हाला मोकळा दिवस कोणाच्या तरी श्रमातूनच मिळत असतो.

घरच्या प्रार्थनेबद्दल माझे मत ठाम आहे : ती लहान करा आणि सगळ्यांनी मिळून करण्याचा हट्ट सोडा. माझी मुले लहान असताना सुट्टीच्या दिवशी मी राहिलेली सगळी प्रार्थना एकदम भरून काढत असे, आणि पाऊण तास त्यांना बसवून ठेवत असे. मोठ्या मुलीने पुढे मला सांगितले की त्या दिवसांची तिला धास्ती वाटायची. हे ऐकून मला फार वाईट वाटले. तुम्ही मुलाबरोबर एक गीताचे कडवे, मार्काच्या शुभवर्तमानातला एक प्रसंग आणि त्याने स्वतः सांगितलेल्या एका गोष्टीसाठी प्रार्थना, एवढेच करा. रात्रपाळीच्या दिवसांत निघण्यापूर्वी त्याच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्या. तेवढ्या दिवसांसाठी तीच तुमची कुटुंबप्रार्थना. यजमान तयार असतील तर रात्रीचा भाग त्यांच्याकडे सोपवा, आणि ते कसे करतात यावर देखरेख करू नका.

रुग्णाजवळ प्रार्थना करण्याबाबत मी एकच नियम पाळला. मनातल्या प्रार्थनेला कोणाची परवानगी लागत नाही. मोठ्याने प्रार्थना मात्र रुग्णाने आपण होऊन मागितली तरच, आणि तीही थोडक्यात. खाटेवरचा माणूस आपल्या हातातल्या सुईवर, पाण्याच्या पेल्यावर अवलंबून असतो. त्याला ‘नको’ म्हणणे अवघड जाते, आणि त्या अवघडलेपणाचा फायदा घेणे ही ख्रिस्ताची साक्ष होऊ शकत नाही. हिंदू किंवा मुसलमान रुग्णाला त्याच्या प्रार्थनेसाठी उशी टेकवून बसवणे, पडदा ओढून देणे, हे मी नेहमी केले.

प्रसादाबद्दल ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये मतभेद आहेत, आणि करिंथकरांस पहिल्या पत्रात 8 ते 10 या अध्यायांत पौलाने हाच प्रश्न सविस्तर हाताळला आहे. तिथे तो खाण्याच्या पदार्थापेक्षा दुसऱ्याच्या विवेकबुद्धीचा विचार अधिक करतो. मी दसऱ्याला यंत्रांच्या पूजेत भाग घेत नसे, पण सहकाऱ्याने प्रेमाने पुढे केलेले दोन्ही हातांनी घेत असे आणि आभार मानत असे. ते खावे की नाही हे तुमच्या विवेकावर सोडते. जो निर्णय घ्याल तो दुसऱ्या ख्रिस्ती सिस्टरवर लादू नका. नाताळचा फराळ मात्र पूर्ण वॉर्डाला पोहोचवा, मावशी आणि वॉर्डबॉयपासून सुरुवात करून.

राहिला शेवटचा मुद्दा : रात्रपाळी उतरून थेट उपासनेला जावे का? तुम्ही दुचाकीवर जाता असे लिहिले आहे, म्हणून माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. बारा तास जागलेल्या माणसाने गाडी चालवू नये. संध्याकाळची उपासना असेल तर झोपून उठून तिला जा. नसेल तर तुमच्या पाळकांना भेटा, पुढच्या महिन्याचा ड्यूटीचा तक्ता त्यांना दाखवा, आणि ज्या महिन्यात एकही प्रभुभोजन मिळणार नाही त्या महिन्यात ते घरी येऊन देतील का, असे विचारा. आजाऱ्यांच्या घरी ते जातातच. तुमच्यासारख्यांनाही ते हवे असते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसेल. आमच्या मंडळीत ही सोय एका परिचारिकेने विचारल्यावरच सुरू झाली, आणि आज चार घरी होते.